कॅनन पॉवरशॉट एस९०

कॅनन पॉवरशॉट एस९० हा जपानमधील कॅनन कंपनीने ऑगस्ट २००९ मध्ये जाहीर केलेला, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आहे. यातील सेन्सर १ कोटी पिक्सेलचा, म्हणजे १० मेगापिक्सेलचा असून भिंगाचे कमाल अ‍ॅपर्चर एफ/२.० आहे. भिंगाभोवती फिरणारे नियंत्रण कडे हे या कॅमेऱ्याचे ठळक वैशिष्ट्य होय. अ‍ॅपर्चर, शटरचा वेग व आयएसओ संवेदनक्षमता हे तिन्ही घटक छायाचित्रकाराला स्वतः ठरवता येतील, अशी सोय लहान आकाराच्या कॅमेऱ्यात करणे हा त्याच्या रचनेमागील मुख्य हेतू होता. या कॅमेऱ्याचे निरनिराळे मोड म्हणजे या तीन घटकांपैकी कोणता घटक कॅमेऱ्याने ठरवायचा आणि कोणता माणसाने, याची वेगवेगळी वाटणी होय. एवढे लक्षात घेतले तर वरवर गुंतागुंतीच्या वाटणाऱ्या नियंत्रणांचा उलगडा सहज होतो.

पार्श्वभूमी

कॅननच्या पॉवरशॉट मालिकेचा आरंभ १९९६ साली पॉवरशॉट ६०० या कॅमेऱ्याने झाला. मालिकेतील 'एस' हा उपगट १९९९ मधील एस१० पासून सुरू झाला आणि २००५ मधील एस८० नंतर तो काही वर्षे खंडित झाला. त्या काळात बाजारात पिक्सेलसंख्येची चढाओढ होती. जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठा दिसावा म्हणून छोट्याशा सेन्सरवर अधिकाधिक पिक्सेल बसवले जात. प्रत्येक पिक्सेलचा आकार त्यामुळे घटतो, त्याच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि अंधुक उजेडात चित्रावर कणीदार डाग उमटतात. या डागांना 'नॉइज' म्हणतात.

कॅननच्या २००८ मधील जी१० या मोठ्या व महागड्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात १ कोटी ४७ लाख पिक्सेल होते. पुढच्याच वर्षी जी११ आणि एस९० हे कॅमेरे एकाच वेळी जाहीर झाले, तेव्हा दोहोंमध्ये पिक्सेलसंख्या १ कोटीवर आणण्यात आली. नव्या कॅमेऱ्यात पिक्सेल कमी करणे हे त्या काळच्या प्रवाहाविरुद्ध होते. मात्र त्यामुळे कमी प्रकाशातील चित्रांचा दर्जा सुधारला.

रचना

एस९० ची जाडी सुमारे ३१ मिलिमीटर आहे. बॅटरी व कार्ड वगळता त्याचे वजन सुमारे १७५ ग्रॅम भरते. सीसीडी प्रकारचा त्याचा सेन्सर १/१.७ इंच या वर्गातील असून तो साधारण ७.४ × ५.६ मिलिमीटर आहे. त्या वेळच्या बहुसंख्य कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत १/२.३ इंच वर्गाचा सेन्सर असे. त्याच्या तुलनेत एस९० च्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट आहे. प्रतिमेवरील प्रक्रियेचे काम डिजिक ४ हा प्रोसेसर करतो.

भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ६ ते २२.५ मिलिमीटर आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात हा पल्ला २८ ते १०५ मिलिमीटर इतका होतो. हात हलल्याने येणारी अस्पष्टता कमी करण्यासाठी भिंगातच स्थिरीकरणाची यंत्रणा आहे. डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, या कॅमेऱ्यात नाही. चौकट पाहण्यासाठी मागचा ३ इंची पडदाच वापरावा लागतो. चित्रे एसडी कार्डावर साठवली जातात.

एक्स्पोजरचे तीन घटक

सेन्सरला मिळणारा प्रकाश आणि त्यापासून तयार होणाऱ्या चित्राचा उजळपणा यांना मिळून व्यवहारात एक्स्पोजर म्हटले जाते. ते तीन घटकांवर अवलंबून असते.

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र. त्याचे माप एफ/२.०, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८ असे लिहितात. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते आणि या क्रमातील प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरचा वेग म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा कालावधी. १/६० सेकंदाच्या जागी १/१२० सेकंद ठेवल्यास प्रकाश निम्मा होतो. आयएसओ हा आकडा सेन्सरकडून आलेला विद्युतसंकेत किती वाढवायचा हे दर्शवतो. आयएसओ १०० वरून २०० केल्यास तेवढ्याच प्रकाशात चित्र दुप्पट उजळ दिसते, परंतु नॉइजही अधिक ठळक होतो.

एका घटकाने घालवलेला प्रकाश दुसऱ्या घटकाने भरून काढता येतो. एफ/२.८ व १/६० सेकंद या जोडीने जेवढे एक्स्पोजर मिळते, तेवढेच एफ/४ व १/३० सेकंद या जोडीनेही मिळते. दोन्ही चित्रांचा उजळपणा सारखा असला तरी दुसऱ्या चित्रात धावणारे मूल अधिक पुसट येईल. कोणती जोडी योग्य, हे केवळ प्रकाश मोजून ठरत नाही. चित्रात काय दाखवायचे आहे, त्यावर ते ठरते. प्रकाशमापक प्रकाश मोजू शकतो, चित्रकर्त्याचा हेतू मात्र त्याला मोजता येत नाही. ऑटोखेरीज इतर मोडची गरज याच कारणाने भासते.

नियंत्रणे

कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला मोड निवडण्याची चकती, चालू-बंद करण्याचे बटण, शटरचे बटण आणि त्याभोवती झूमची दांडी आहे. शटरच्या बटणाला दोन टप्पे आहेत. ते अर्धे दाबल्यावर कॅमेरा फोकस जुळवतो व प्रकाश मोजतो. पूर्ण दाबल्यावर चित्र टिपले जाते. एका दमात पूर्ण बटण दाबल्यास फोकस जुळण्यात वेळ जातो आणि नेमका क्षण निसटतो. लहान डिजिटल कॅमेरे 'उशिरा फोटो काढतात' अशी तक्रार असे; अर्धे बटण आधीच दाबून ठेवल्यास हा विलंब बराच कमी होतो.

भिंगाभोवतीच्या नियंत्रण कड्याला अ‍ॅपर्चर, शटरचा वेग, आयएसओ, एक्स्पोजर सुधारणा, श्वेतसंतुलन, हाताने फोकस करणे किंवा टप्प्याटप्प्याचा झूम यांपैकी एक काम नेमून देता येते. त्यासाठी वरच्या बाजूला स्वतंत्र बटण आहे. टप्प्यांच्या झूममध्ये भिंग २८, ३५, ५०, ८५ व १०५ मिलिमीटर या ठरावीक मापांवरच थांबते. कडे फिरवताना प्रत्येक पायरीला हलका खटका जाणवतो, त्यामुळे पडद्यावरून नजर न हलवता मूल्य बदलता येते. फिल्मच्या काळातील अनेक कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चरचे कडे भिंगावरच असे. तीच सवय येथे इलेक्ट्रॉनिक रूपात उपयोगी पडते.

मागच्या बाजूला आणखी एक गोल चकती आहे. ती फिरवल्यास मूल्ये बदलतात आणि तिच्या चार दिशा दाबल्यास एक्स्पोजर सुधारणा, फ्लॅश, स्वयंचलित विलंब व फोकसचा प्रकार यांची निवड करता येते. चकतीच्या मध्यभागीचे बटण नेहमीच्या पर्यायांची यादी उघडते. ही चकती फार सैल फिरते आणि नकळत मूल्य बदलते, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला होता.

मोड

ऑटो मोडमध्ये सर्व निर्णय कॅमेरा घेतो. समोर चेहरा आहे, जवळची वस्तू आहे की सूर्यास्त आहे, याचा अंदाज बांधून तो तिन्ही घटक व फ्लॅश ठरवतो. घाईच्या प्रसंगी किंवा कॅमेरा अनोळखी माणसाच्या हाती देताना हा मोड सोयीचा ठरतो.

पी, म्हणजे प्रोग्रॅम मोडमध्ये अ‍ॅपर्चर व शटरची जोडी कॅमेरा निवडतो. आयएसओ, श्वेतसंतुलन, प्रकाशमापनाची पद्धत, एक्स्पोजर सुधारणा आणि फ्लॅश यांचे निर्णय माणसाकडे राहतात. ऑटो सोडून पुढे जाऊ पाहणाऱ्या शिकाऊ छायाचित्रकारासाठी ही पहिली पायरी होय.

टीव्ही मोडचा दूरचित्रवाणीशी संबंध नाही. ही अक्षरे 'टाइम व्हॅल्यू', म्हणजे कालमूल्य, यासाठी योजली आहेत. निकॉन, सोनी इत्यादी कंपन्या याच मोडला एस म्हणतात. यात शटरचा वेग माणूस ठरवतो आणि अ‍ॅपर्चर कॅमेरा जुळवून घेतो. एस९० मध्ये १५ सेकंदांपासून १/१६०० सेकंदापर्यंतचा वेग मिळतो. पोहणाऱ्याने उडवलेले पाण्याचे थेंब थिजल्यासारखे दिसावेत यासाठी १/१००० सेकंदासारखा वेग लागतो, तर धबधब्याची धार रेशमी पट्ट्यासारखी दिसावी यासाठी १/२ सेकंद किंवा त्याहून अधिक काळ शटर उघडे ठेवावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर असणे आवश्यक असते.

एव्ही, म्हणजे 'अ‍ॅपर्चर व्हॅल्यू' मोडमध्ये अ‍ॅपर्चर माणूस ठरवतो व शटरचा वेग कॅमेरा निवडतो. इतर अनेक कंपन्या यास ए म्हणतात. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात या मोडचा प्रमुख उपयोग पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी होतो. लहान सेन्सरमुळे एस९० मध्ये हा परिणाम फारसा साधत नाही. २८ मिलिमीटरला एफ/२.० ठेवूनही स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पल्ला ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यातील सुमारे एफ/९ इतका येतो. अगदी जवळच्या वस्तूंच्या बाबतीतच पार्श्वभूमी लक्षणीय पुसट होते. या कॅमेऱ्यात एव्ही मोडचा खरा लाभ कमी उजेडात मिळतो, कारण एफ/२.० निश्चित करून ठेवल्यास शटर शक्य तितके जलद राहते. उलटपक्षी एफ/८ हे सर्वांत लहान छिद्र वापरल्याने चित्र अधिक रेखीव येईल ही समजूत येथे फसते. या सेन्सरचे पिक्सेल सुमारे २ मायक्रॉनचे आहेत आणि लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे जे विवर्तन होते, त्यामुळे बारीक तपशील मऊ पडतात.

एम, म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये अ‍ॅपर्चर व शटरचा वेग दोन्ही माणूस ठरवतो. कॅमेरा केवळ आपल्या मापनापेक्षा चित्र किती उजळ वा काळपट येईल, हे पट्टीवर दाखवतो. मापक जेथे हमखास चुकतो तेथे हा मोड उपयोगी पडतो. पौर्णिमेचा चंद्र हे त्याचे परिचित उदाहरण आहे. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्याने कॅमेरा शटर दीर्घकाळ उघडे ठेवतो आणि चंद्राच्या जागी पांढरा ठिपका उमटतो. वस्तुतः चंद्राचा पृष्ठभाग उन्हात न्हालेला असतो. म्हणून आयएसओ ८०, एफ/४.९ आणि सुमारे १/४०० सेकंद एवढे एक्स्पोजर पुरते. १०५ मिलिमीटरला चंद्रबिंब लहानच येते, तरी त्यावरील डाग दिसू शकतात.

सी मोडमध्ये आपल्या पसंतीच्या सर्व निवडी साठवून ठेवता येतात. अल्पप्रकाश मोडमध्ये कॅमेरा चित्राचा आकार २५ लाख पिक्सेलपर्यंत घटवतो आणि त्या बदल्यात आयएसओ १२८०० पर्यंत वाढवू देतो. अन्य मोडमध्ये ही मर्यादा ३२०० आहे. पणत्यांच्या किंवा मेणबत्त्यांच्या उजेडातील प्रसंगांसाठी तो योजला आहे. संगणकाच्या पडद्यावर पाहण्यास असे चित्र पुरेसे असते, मोठ्या छपाईस मात्र ते अपुरे पडते.

एससीएन या खुणेखाली विशिष्ट दृश्यांचे मोड आहेत. त्यांत व्यक्तिचित्र, निसर्गदृश्य, मुले व पाळीव प्राणी, सूर्यास्त, आतषबाजी, समुद्रकिनारा, बर्फ, झाडांची पाने इत्यादींचा समावेश होतो. यांपैकी बहुतेकांमध्ये एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराने टीव्ही, एव्ही किंवा एम मोडमध्ये जी मूल्ये निवडली असती, तशाच प्रकारची मूल्ये आधीच बांधून दिलेली असतात. आतषबाजीच्या मोडमध्ये शटर बराच वेळ उघडे राहते. बर्फाच्या मोडमध्ये चित्र मुद्दाम उजळ केले जाते. एखादा दृश्य मोड नेमके काय बदलतो हे पडताळणे, हा एक्स्पोजर शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. चित्रासोबत साठवल्या जाणाऱ्या एक्सिफ नोंदीत अ‍ॅपर्चर, शटरचा वेग व आयएसओ यांची मूल्ये वाचता येतात.

चलचित्र मोडमध्ये ६४० × ४८० पिक्सेलचे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्रण होते.

प्रकाशमापन आणि एक्स्पोजर सुधारणा

समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, या गृहीतकावर प्रकाशमापक काम करतो. पांढऱ्याशुभ्र वेशातील माणसांनी चौकट भरली असेल तर मापक फसतो व पांढरा रंग राखाडी येतो. काळ्या पार्श्वभूमीपुढे उलट घडते आणि काळा रंग फिकट होतो. अशा वेळी एक्स्पोजर सुधारणा वापरतात. एस९० मध्ये ती १/३ टप्प्याच्या पायऱ्यांनी उणे २ पासून अधिक २ पर्यंत देता येते. पांढऱ्या दृश्यासाठी अधिक व काळ्या दृश्यासाठी उणे, हा नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. परंतु मापकाने केलेली चूक दुरुस्त करावयाची असल्याने तोच बरोबर आहे.

मापनाच्या तीन पद्धती उपलब्ध आहेत. पहिलीत संपूर्ण चौकटीचा विचार होतो, दुसरीत मध्यभागाला अधिक महत्त्व मिळते, तर तिसरीत केवळ एका बिंदूपुरता प्रकाश मोजला जातो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचा चेहरा काळवंडू नये, यासाठी तिसरी पद्धत उपयुक्त ठरते.

फोकस

हा कॅमेरा चेहरे ओळखून त्यांवर फोकस जुळवू शकतो किंवा चौकटीच्या मध्यभागी फोकस करतो. विषय मध्यभागी ठेवायचा नसल्यास प्रथम त्यावर बटण अर्धे दाबून फोकस पक्का करावा लागतो आणि मग बोट न उचलता चौकट बदलावी लागते. फुलाच्या चिन्हाने दर्शवलेल्या मॅक्रो पद्धतीत, २८ मिलिमीटरला, ५ सेंटिमीटर अंतरावरील वस्तूही स्पष्ट येते. कमी उजेडात वा एकरंगी भिंतीवर फोकस जुळेनासा होतो, कारण ही यंत्रणा प्रतिमेतील उजेड-अंधाराच्या फरकावर अवलंबून असते. तेवढ्याच अंतरावरील एखाद्या ठळक कडेवर फोकस करून घेणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

फ्लॅश

फ्लॅश वरच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यातून यांत्रिकपणे बाहेर येतो. नेमके तेथेच डाव्या हाताचे बोट ठेवण्याची अनेकांना सवय असल्याने ही जागा गैरसोयीची मानली गेली. कोणत्याही लहान कॅमेऱ्याच्या फ्लॅशप्रमाणे याचाही प्रकाश काही मीटरच पोचतो. अंतर दुप्पट झाले की विषयावर पडणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे सभागृहाच्या मागच्या रांगेतून रंगमंचाचे चित्र घेताना फ्लॅशचा उपयोग होत नाही. उलट पुढच्या रांगेतील डोकी मात्र उजळून निघतात. याउलट भर उन्हात टोपीच्या सावलीतील चेहरा उजळण्यासाठी फ्लॅश उपयोगी पडतो.

श्वेतसंतुलन आणि रॉ

पिवळसर दिव्याखाली पांढरा कागदही सेन्सरला पिवळाच दिसतो. मानवी मेंदू हा फरक आपोआप भरून काढतो. कॅमेऱ्याला तो भरून काढण्यासाठी श्वेतसंतुलन लागते. सूर्यप्रकाश, ढगाळ हवा, साधा दिवा, नळीचा दिवा असे पर्याय येथे आहेत. शिवाय पांढऱ्या कागदावरून स्वतः माप घेण्याचीही सोय आहे.

जेपेग स्वरूपात साठवताना कॅमेरा रंग, रेखीवपणा व छटा पक्क्या करून उरलेली माहिती टाकून देतो. रॉ स्वरूपात सेन्सरकडून आलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी राहते, त्यामुळे श्वेतसंतुलन नंतर संगणकावर बदलता येते. एस८० मध्ये रॉची सोय नव्हती. एस९० मध्ये ती पुन्हा देण्यात आली. ऑटो व दृश्य मोडमध्ये ती मिळत नाही.

मर्यादा

एफ/२.० हे अ‍ॅपर्चर केवळ २८ मिलिमीटरलाच मिळते. १०५ मिलिमीटरपर्यंत झूम केल्यावर कमाल अ‍ॅपर्चर एफ/४.९ होते, म्हणजे प्रकाश सुमारे एक षष्ठांश उरतो. एफ/२.० ला १/९० सेकंदात टिपता येणाऱ्या दृश्यासाठी मग १/१५ सेकंद लागतो आणि तेवढ्या अवधीत माणसांची हालचाल चित्रात उमटते. भिंगातील स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. त्यामुळे मंद प्रकाशात झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे श्रेयस्कर ठरते. सलग चित्रणाचा वेगही सेकंदाला सुमारे ०.९ चित्र एवढाच असल्याने खेळांच्या चित्रणासाठी हा कॅमेरा सोयीचा नाही.

पुढील मॉडेल आणि प्रभाव

ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालेल्या एस९५ मध्ये मागच्या चकतीला खटके देण्यात आले आणि ७२० ओळींचे एचडी चलचित्रण आले. त्यानंतर एस१०० (२०११), एस११० (२०१२) आणि एस१२० (२०१३) ही मॉडेल निघाली. २०१४ मधील जी७ एक्स या कॅमेऱ्यात कॅननने नियंत्रण कडे कायम ठेवून १ इंच वर्गाचा अधिक मोठा सेन्सर वापरला. ऑलिंपसच्या एक्सझेड-१ (२०११) आणि सोनीच्या आरएक्स१०० (२०१२) या लहान कॅमेऱ्यांतही भिंगाभोवती कडे आढळते.

स्मार्टफोनच्या प्रसारामुळे २०१० नंतर कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची मागणी झपाट्याने घटली. तथापि फोनच्या कॅमेऱ्यातील 'प्रो' अशा नावाच्या मोडमध्ये शटरचा वेग, आयएसओ, श्वेतसंतुलन व एक्स्पोजर सुधारणा हीच नियंत्रणे पडद्यावरील सरकपट्ट्यांच्या रूपात दिसतात. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर स्थिर असल्याने तीन घटकांपैकी दोनच वापरणाऱ्याच्या हाती उरतात.